अप्पांची बंदूक कोणी बघायची

अप्पा,

शनिवारी दुपारी भर जेवणात, दिलीपकाकांसमोर, मी तुमची गोष्ट खोटी पाडली. तुम्हाला विचारून केलं नाही, कारण विचारायला तुम्ही नव्हतात. तुम्ही असतात तर नाहीच म्हणाला असतात आणि मी तरीही तेच केलं असतं, तेव्हा फरक काही पडला नसता. पण माणसाच्या पाठीमागे केलेली गोष्ट त्याला सांगून टाकावी, एवढ्यासाठी लिहिते आहे. बाकी तुमच्यावर जे लिहायचं ते मंदारने मंडळाच्या अंकात लिहिलं आहे. कॉलेज, हॉस्पिटल, किती लोकांना पुन्हा पायांवर उभं केलंत, ते सगळं. मुलगा म्हणून चांगलं लिहिलंय. त्यात बदकं नाहीत. ती माझ्या वाट्याला आली.

बदकांच्या शिकारीचा सीझन उघडला तेव्हा तुम्हाला जाऊन दोन महिनेही झाले नव्हते. मंदार म्हणाला, या वर्षी राहू दे. मला वाटलं आईसुद्धा तेच म्हणतील. आयुष्यभर त्यांनी बदकाच्या रश्शाला हात लावला नाही, तुमच्या शेजारी बसून पिठलं खाल्लं. पण त्या म्हणाल्या, "जा तुम्ही. घरात बसून तरी काय करणार आहात?" आणि ज्वारीचं पीठ किती उरलंय ते बघायला उठल्या. मग दिलीपकाकांचा फोन आला. तुम्ही हाडं जोडायचात आणि ते तुमच्या पेशंटना झोपवायचे, निम्मं आयुष्य तुम्ही दोघांनी एकाच ऑपरेशन थिएटरात काढलंत. ते म्हणाले, "डॉक्टरच्या नावाने एक फेरी व्हायलाच पाहिजे. मी येतोय. काकूलाही आणतो, ती तुझ्या सासूबाईंपाशी बसेल." मागच्या वर्षी ते सीझनभर भारतात होते. त्यामुळे मागच्या वर्षीचं त्यांना जे माहीत होतं, ते तुम्ही सांगितलं तेवढंच.

तर शनिवारी उजाडायच्या आत आम्ही तळ्यावर होतो. तीच पाणथळ, तोच लव्हाळ्याचा आडोसा. प्लास्टिकची बदकं मंदारने पाण्यात सोडली. आमची सई डावीकडे, मी उजवीकडे, मधे तुमच्या जागी काका. मंदार मागे, छातीपर्यंतचा रबरी पोशाख चढवून, पडलेला पक्षी आणायला तयार. तुम्ही त्याला 'आमच्या घरचं लॅब्रडॉर' म्हणायचात. त्याला ते कधीही आवडलं नाही, हेही आता सांगून टाकते.

सईने दोन मॅलार्ड पाडले, दोन्ही स्वच्छ. पक्षी पंख वाकवून उतरायला लागेपर्यंत ती थांबते. ते तुम्ही शिकवलंत, माझ्यात तेवढा धीर नाही. काकांनी एक मारला. माझे बार बहुतेक मिशिगन राज्याला दान गेले.

मग परत गाड्यांपाशी आलो. गाडीत बंदूक ठेवण्याआधी आपली जी पद्धत आहे ती मी शंभर माणसांना शिकवली असती, इतकी ती चांगली आहे. आपली बंदूक आपण रिकामी करायची, पण आपण बघितलेलं धरायचं नाही. शेजाऱ्याच्या हातात द्यायची, त्याने उघडून बघायची, बोट घालून बघायचं आणि मोठ्याने म्हणायचं, "रिकामी." मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही मला सांगितलं होतंत की हे थिएटरातलं आहे. जखम शिवण्याआधी सिस्टर बोळे मोजते आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगते. मी कारखान्यात सेफ्टी बघते, मला हे ऐकूनच तुम्ही आवडलात. त्याआधी नव्हता आवडलात.

मी सईची बघितली. सईने माझी बघितली. मग मी काकांपुढे हात केला.

"माझी?" काका म्हणाले. "अगं, सासरा गेला म्हणून आता मला धरलंस होय?"

"सगळ्यांचीच बघतो, काका."

"तू शाळेत होतीस तेव्हापासून बंदूक आहे माझ्या हातात." हसत हसत त्यांनी ती केसमध्ये घातली, गाडीच्या डिकीत ठेवली आणि डिकी लावली. काकांची बंदूक तुमच्यासारखी दुनळी नाही. तिच्या पोटात तीन काडतुसं बसतात आणि बाहेरून काही कळत नाही. मी मंदारकडे बघितलं. त्याने मान हलवली, जाऊ दे म्हणून. काका पुढे निघाले, आम्ही मागे.

"आज काही बोलू नकोस," वाटेत मंदार म्हणाला.

"मी बोलले का काही?"

"स्टिअरिंग कसं धरलंयस ते बघ आधी."

मी काय बघत होते ते तुम्हाला माहीत आहे. पुढच्या गाडीची बंद डिकी. आणि मागच्या वर्षीची आपली उघडी डिकी.

मागच्या वर्षी पहाटे आडोशात तुम्ही मला हळूच विचारलंत, "सुशीला कुठे राहिली?" आई तिथे कधीच आल्या नव्हत्या. मी म्हणाले, घरी आहेत. तुम्ही म्हणालात, "हां, हां." थोड्या वेळाने तुम्ही परत तेच विचारलंत. त्यानंतर तुम्ही एक मॅलार्ड असा मारलात की सई टाळ्या वाजवायची राहिली. म्हणजे हात शाबूत होते, नजर शाबूत होती. त्यामुळे मंदारला काही जाणवलं नाही.

गाडीपाशी मी सईची बंदूक बघितली, तिने माझी. तुमची कोणी बघायची पद्धत नव्हती. इतक्या वर्षांत मीही हात पुढे केला नव्हता. घरातल्या मोठ्या माणसाला तुमची दाखवा म्हणायचं कसं? तुम्ही ती केसमध्ये घालून, चेन लावून, मागे डिकीत ठेवलीही होतीत. नळ्यांची तोंडं पुढे. सई मागच्या सीटवर बसून बूट काढत होती.

"अप्पा, तुमची राहिली," मी म्हणाले.

"काय राहिली?"

"बघायची."

तुम्ही मंदारकडे बघितलंत. तो म्हणाला, "अगं, अप्पांची काय बघतेस? त्यांनीच शिकवलंय आपल्याला."

मी चेन उघडली. बंदूक बाहेर घेतली, तोंड पाण्याकडे केलं आणि उघडली. दोन्ही नळ्यांत काडतुसांची पितळी बुडं दिसत होती.

 सई सीटवरून वळून बघत होती. "ओ माय गॉड," ती म्हणाली. "आजोबा, इट वॉज पॉइंटिंग ॲट मी."

तुम्ही काडतुसांकडे बघत होतात. तो तुमचा चेहरा फक्त मी पाहिला, मंदार तुमच्या मागे होता. भरल्या घरात चुकून दुसऱ्याच्या खोलीचं दार उघडावं तसा तुमचा चेहरा झाला होता. मग तुम्ही हसलात. माझ्या पाठीवर थाप मारलीत. "शाबास! टेस्ट होती. पास झालीस."

मंदार जोरात हसला. सुटका झाल्यासारखा. "अप्पा, तुम्ही पण ना!" सई हसली नाही. "दॅट्स नॉट फनी," एवढंच म्हणाली आणि घरापर्यंत कानात इयरफोन घालून बसली.

घरी येऊन तुम्ही नेहमीसारखी पिसं काढलीत, पक्षी गॅसवर भाजलेत आणि नेहमीसारखं आपलं कातडीवरून भांडण झालं. तुमचं म्हणणं, कातडी ठेवायची, चव त्यातच आहे. माझं म्हणणं, रानबदकाच्या चरबीला चिखलाचा वास येतो, काढून टाकायची. तुम्ही म्हणालात, "कोल्हापूरकरांनी नागपूरकरांना मटण शिकवू नये, बदक तर नाहीच." मी म्हणाले, "नागपूरकर मसाल्यात बूट शिजवला तरी खातील." हे सगळं आपण रोजच्या आवाजात बोललो. हात मात्र दोघांचेही जरा जास्तच जोरात चालत होते. शेवटी कातडी राहिली. त्या दिवशी मला दुसऱ्या गोष्टीसाठी भांडायचं होतं, म्हणून मी ती सोडली.

जेवायला बसलो. आईंनी भाकऱ्या वाढल्या. तुम्ही पहिला छर्रा दाताखालून काढून ताटाच्या कडेला ठेवलात आणि म्हणालात, "पुढच्या शनिवारी परत जाऊ. उत्तरेचा वारा आहे, पक्षी उतरणार."

"जाऊ," मी म्हणाले. "तुम्हीही या. पण तुमची बंदूक इथे राहील."

"का?"

"भरलेली होती, अप्पा."

"टेस्ट होती म्हणून सांगितलं ना?"

"असेल. तरीही."

"सेफ्टीबाई, हा तुझा कारखाना नाही."

"नाही ना. तिथे मी बोलत बसले नसते. कुलूप लावून मोकळी झाले असते."

"मंदार, तुझ्या बायकोला सांग जरा."

मंदार ताटाच्या कडेला छर्रा फिरवत बसला होता. त्याने वर बघितलं नाही. सईने बघितलं, पण तुमच्याकडे नाही, माझ्याकडे. मी माघार घेते का ते ती बघत होती. तिच्या वयाच्या मुलीला अशा वेळी आईने माघार घेतलेली फार दिवस लक्षात राहते.

"एक विचारते," मी म्हणाले. "थिएटरात सिस्टर बाहेर गेली असती आणि सर्जन म्हणाला असता, बोळे मी मोजलेत, शिवा. तुम्ही शिवू दिलं असतंत?"

तुम्ही भाकरी खाली ठेवलीत. मला वाटलं आता ताट भिरकावणार. आईंनाही तेच वाटलं असावं, त्यांनी पाण्याचा तांब्या बाजूला ओढला. तुम्ही डाव्या हाताने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढलात. तळघरातल्या बंदुकीच्या कपाटाची किल्ली कडीतून निघेना. नख लागत नव्हतं. मंदारने हात पुढे केला तर तुम्ही त्याच्याकडे असं बघितलंत की त्याने तो मागे घेतला. आम्ही सगळे गार होणाऱ्या ताटांसमोर तुमच्या बोटांकडे बघत बसलो. शेवटी किल्ली निघाली. ती तुम्ही माझ्या ताटापाशी सरकवलीत.

"घे," म्हणालात. "पण टेस्ट होती."

आईंनी तुमच्या ताटात भात वाढला आणि तुम्ही जेवलात.

त्यानंतर तुम्ही किल्ली कधीही मागितली नाहीत. त्या सीझनमधे उरलेल्या प्रत्येक फेरीला आलात, दुर्बीण घेऊन बसलात, पक्षी कोणता ते पंखांवरून कसं ओळखायचं ते सईला सांगितलंत. नंतर डॉक्टरांनी तुमच्या विसरण्याला एक नाव दिलं. ते नाव तुम्ही घरात कोणालाही उच्चारू दिलं नाहीत, आम्हीही उच्चारलं नाही. किल्ली दिल्याबद्दल तुमचे आभार मानावेत असं माझ्या मनात बऱ्याचदा आलं. पण आभार कसले, तर विसरलात हे कबूल केल्याचे. आणि ते तर तुम्ही केलंच नव्हतं. मग मी गप्प बसले. मी गप्प बसले की मी रागावले आहे असं तुम्हाला वाटायचं. तसंच राहिलं ते.

तुम्ही मात्र टेस्टची गोष्ट सगळ्यांना सांगत राहिलात. काकांना फोनवर सांगितलीत तेव्हा मी शेजारच्या खोलीत इस्त्री करत होते. दर वेळी गोष्टीत काहीतरी वाढायचं. आधी तुम्ही काडतुसं मुद्दाम ठेवली होतीत, नंतर मला आदल्या दिवशी सूचना दिली होतीत, नंतर मंदार तुम्हाला सामील होता. मंदारही हो म्हणायला लागला. शेवटी हॉस्पिटलमधे, तुमचं हृदय थकलंय हे कळल्यावर, तुम्ही मला जवळ बोलावून विचारलंत, "टेस्ट होती. तुला कळलं होतं ना?" हो म्हणायला माझं काही जात नव्हतं. दुसरी कोणी असती तर म्हणाली असती. मी म्हणाले, "ज्यूस संपवा आधी." तुम्ही संपवलात आणि भिंतीकडे तोंड केलंत. ते मला आठवतं. पण आज परत विचारलंत तरी मी हो म्हणणार नाही.

तर शनिवार. जेवायला आम्ही दहा-बारा जण होतो की काय असं वाटावं इतका आवाज काका एकटे करत होते. होतो फक्त आईंना धरून सहा. रस्सा मी केला होता, कातडी काढून. काका म्हणाले, "डॉक्टर असता तर घास थुंकला असता." मग छर्रे ताटांच्या कडेला यायला लागले आणि काकांनी तुमची गोष्ट काढली. काकूंना, सईला, सगळ्यांना हातवारे करून सांगितली. डॉक्टर कसा वस्ताद, दोन्ही नळ्या भरून ठेवल्या आणि चेहऱ्यावर रेष हलू दिली नाही, आणि ही कशी पास झाली. आई पिठल्यात बघत होत्या.

"असा शिक्षक परत होणे नाही," काका म्हणाले. मग सईकडे वळले. "तुला जाताना हॉस्टेलवर सोडतो गं. वाटेतच आहे. काकू पुढे बसेल, तू मागे बस."

सईने माझ्याकडे बघितलं.

"काय गं," काका मला म्हणाले, "बोल की! टेस्ट होती ना?"

सईला मी सोडते, एवढं म्हणून मला सुटता आलं असतं. पण काकू त्याच गाडीतून जाणार होत्या. आणि काका ती बंदूक घेऊन पुढच्या शनिवारी आणखी कोणाबरोबर तरी जाणार होते. तुमची गोष्ट ऐकलेला माणूस आपली बंदूक दाखवणार नाही, अप्पा. तुमच्या गोष्टीत मोठी माणसं चुकतच नाहीत.

"नाही, काका," मी म्हणाले. "विसरले होते ते."

"काहीतरीच. डॉक्टर?"

"हो. भरलेली बंदूक केसमध्ये घालून चेन लावली होती. सई मागच्या सीटवर, म्हणजे नळ्यांच्या समोर बसली होती. मीच काढली काडतुसं."

"मंदार?" काका म्हणाले.

 "मला माहीत नाही, काका," तो म्हणाला. त्याच्याकडून मला एवढीही अपेक्षा नव्हती.

"काका, आय वॉज देअर," सई म्हणाली. "आजोबा वॉज स्केअर्ड. आय सॉ इट." म्हणजे तुमचा चेहरा मी एकटीनेच पाहिला नव्हता.

काकांनी घास ताटात ठेवला. "म्हणजे आता माझ्यावर संशय."

"संशय नाही. तुमची बंदूक कोणी बघितली नाही, एवढंच."

"अहो, द्या ना दाखवून," काकू म्हणाल्या. "घरात चष्मा कुठे ठेवलात ते मला विचारता, तेव्हा कुठे जातो हा मान?"

काकांनी गाडीची किल्ली टेबलावर टाकली. "जा. बघून ये."

"तुम्हीही चला. दाखवायची तुम्ही, बघायची मी."

ते उठले. हात न धुता, रश्शाचा हात तसाच लांब धरून बाहेर आले. शेजारचा माणूस अंगणातली पानं गोळा करत होता, तो आमच्याकडे बघायला लागला. काकांनी कोपराने डिकी उघडली. मी बंदूक काढली, तोंड जमिनीकडे केलं, बाजूचा दांडा मागे ओढून ती उघडली, आत बघितलं, पोटात बोट घातलं.

"रिकामी," मी मोठ्याने म्हणाले.

मला वाटलं आता ते मला सोडणार नाहीत. पण ते डिकीच्या कडेला टेकले. खरकटा हात अजून तसाच होता. "सकाळपासून आठवत होतो," ते म्हणाले. "काढली का नाही, काढली का नाही. पूर्ण रस्ताभर तेच."

"मग मी हात केला तेव्हा का नाही दिलीत?"

"डॉक्टर असता तर त्याला दिली असती."

"अप्पांनी मागितलीच नसती."

"तेही खरंच," काका म्हणाले, आणि आत जाऊन त्यांनी भात मागून घेतला. जाताना एवढंच बोलले की पुढच्या वर्षी येणार, आणि बंदुकीशिवाय नाही येणार. मी म्हणाले, या, दाखवायला लागेल. सई त्यांच्याच गाडीतून गेली, मागच्या सीटवर.

मंदार माझ्याशी रविवारपर्यंत बोलला नाही. सांगायलाच हवं होतं का, असं त्याने विचारलं. मी म्हणाले, हो. त्यावर आमचं अजून काही मिटलेलं नाही आणि इतक्यात मिटेलसं दिसत नाही. तो तुमचा मुलगा आहे.

सगळे गेल्यावर मी भांडी घासायला घेतली. आई शेजारी फडकं घेऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ त्या एकेक ताट पुसत होत्या आणि कडेला राहिलेले छर्रे तळहातात गोळा करत होत्या.

"ह्यांना आज फार राग आला असता," त्या म्हणाल्या.

"हो, आला असता."

त्यांनी छर्रे कचऱ्यात टाकले, हात पुसले.

"येऊ दे," आई म्हणाल्या. "तू ती कढई आधी घे. चरबी थिजली की निघत नाही."